चढावरचा अर्धा गिअर

१९२० च्या सुमारास अमेरिकेच्या डोंगराळ भागात फोर्डची मॉडेल टी गाडी कधीकधी उलट्या तोंडाने चढ चढताना दिसे. गाडीचं नाक दरीकडे, ड्रायव्हरची मान मागे वळलेली, आणि गाडी रिव्हर्समध्ये इंचाइंचाने वर. त्याला दोन कारणं होती. पेट्रोलची टाकी बहुतेक मॉडेल टींमध्ये पुढच्या सीटखाली असे आणि पंप नसल्यामुळे पेट्रोल आपल्या वजनानेच कार्बुरेटरपर्यंत उतरे. चढ उभा असला आणि टाकी तळाला गेलेली असली, की ही धार तुटायची. गाडी उलटी केली की टाकी वर, इंजिन खाली. दुसरं कारण म्हणजे गाडीतला सगळ्यात ताकदीचा गिअर रिव्हर्सचाच होता.

१९०८ ते १९२७ या काळात फोर्डने दीड कोटी मॉडेल टी विकल्या. त्या एवढ्या साध्या गाडीला पुढे जायला दोनच गिअर होते, लो आणि हाय. मागच्या ॲक्सलमधल्या क्राऊन या मोठ्या चक्राला ४० दाते आणि त्याला फिरवणाऱ्या पिनियनला ११. म्हणजे हायमध्ये चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिनाचे साधारण ३.६४ फेरे. लोमध्ये तेच १०, आणि रिव्हर्समध्ये साडेचौदा. ३.६४ आणि १० यांच्या मध्ये काहीही नाही. २० अश्वशक्तीचं इंजिन मध्यम चढावर हायमध्ये धापा टाकून बंद पडायच्या बेतात येई, आणि लोमध्ये घातलं तर किंचाळत, तापत, माणसाच्या चालीने चढे. त्यातही लो गिअर टिकवायचा तर डावं पेडल सतत दाबून धरावं लागे. घाट चार मैलांचा असेल तर पाय चार मैल पेडलवर.

ही मधली जागा भरून काढणारं यंत्र फोर्डच्या कारखान्यात जन्मलं नाही. ते कॅलिफोर्नियातून आलं, आणि त्याला नाव लाभलं ग्लोव्हर रक्स्टेल या शर्यतीच्या ड्रायव्हरचं. १९१५ च्या सुमारास हा माणूस मर्सर गाड्या शर्यतीत पळवत असे. रक्स्टेल ॲक्सल बनवला बर्कलीच्या हॉल-स्कॉट कंपनीने. ही १९१० साली निघालेली कंपनी मुख्यतः विमानांची इंजिनं करणारी. तिचा एल्बर्ट हॉल हा पहिल्या महायुद्धातल्या प्रसिद्ध लिबर्टी विमान-इंजिनाच्या दोन जनकांपैकी एक. १९१७ मध्ये पॅकार्ड कंपनीच्या जेसी व्हिन्सेंटबरोबर वॉशिंग्टनच्या विलर्ड हॉटेलात बसून त्याने त्या इंजिनाचा आराखडा काही दिवसांत उभा केला होता. युद्ध संपलं, विमानांची मागणी आटली, आणि हॉल-स्कॉटची अचूक दाते कापणारी यंत्रं शेतकऱ्यांच्या फोर्ड गाड्यांसाठी ॲक्सल घडवू लागली. युद्धानंतर कारखान्यांच्या वाट्याला आलेल्या कामांमध्ये हे मला फार मोलाचं वाटतं.

रक्स्टेलची कल्पना अशी, की गिअरबॉक्सला हात लावायचा नाही. दोन वेग मागच्या ॲक्सलच्या पोटातच बसवायचे. ड्रायव्हरच्या बाजूला एक दांडी द्यायची. दांडी एका बाजूला असेल तर ॲक्सल नेहमीसारखा, दुसऱ्या बाजूला नेली की चाकाच्या फेऱ्यामागे इंजिनाला सुमारे दीडपट फेरे मिळणार. हिशेब करून पाहा. ३.६४ चे झाले साडेपाच, १० चे झाले १५. दोन गिअरचे चार झाले. साडेपाचचा टप्पा नेमका त्या रिकाम्या जागेत बसला, आणि १५ चा टप्पा रिव्हर्सच्याही वर गेला. ताकदीसाठी तरी आता मान मोडून उलटं चढायचं कारण उरलं नाही. फोर्ड कंपनी बाहेरच्या जोडसाहित्याला सहसा मान्यता देत नसे, पण या ॲक्सलला तिने ती दिली आणि तो फोर्डच्याच विक्रेत्यांकडून विकला जाऊ लागला.

एक धोका मात्र त्यात पहिल्या दिवसापासून होता. मॉडेल टीचा पायाचा ब्रेक चाकांना धरत नसे, तो गिअरबॉक्समधल्या ड्रमला आवळत असे. तिथून शाफ्ट, ॲक्सल आणि मग चाक. दांडी अर्धवट सरकली, ॲक्सल ना लोमध्ये ना हायमध्ये अशा अवस्थेत अडकला, की इंजिन आणि चाकांचं नातं तुटे आणि त्याबरोबर पायाचा ब्रेकही जाई. उताराला लागलेली गाडी मोकळी सुटे. हाताशी उरे तो मागच्या चाकांचा छोटा हातब्रेक. रक्स्टेल ॲक्सलची मॉडेल टी जपणारे आजचे शौकीन मागच्या चाकांना वेगळे ब्रेक बसवून घेतात ते याचसाठी. दोन वेगांच्या ॲक्सलचा पुढचा सगळा इतिहास या मधल्या क्षणाचा आहे. तो क्षण लहान कसा करायचा, आणि तो कुणाच्या भरवशावर सोडायचा, एवढाच प्रश्न पुढची तीस-चाळीस वर्षं सोडवला जात होता.

१९२७ मध्ये मॉडेल टी थांबली. नव्या मॉडेल ए ला तीन गिअर होते, मोटारगाड्यांना ॲक्सलमधल्या गिअरची गरज संपली. ट्रकची गरज तेव्हाच सुरू झाली.

त्या काळचा अमेरिकन दीड टनी ट्रक डोळ्यांसमोर आणा. फोर्डचा एए, त्यानंतरचा बीबी, शेवरोले, इंटरनॅशनल. कागदावर दीड टन, प्रत्यक्षात मागे भरला जाई तो जितका मावेल तितका माल. एए ला ४० अश्वशक्ती. १९३२ मध्ये फोर्डचं व्ही-८ इंजिन आलं तेही ६५ अश्वशक्तीचं. आज आपल्याकडची साधी छोटी मोटार याहून जास्त ताकद बाळगते. एवढ्या इंजिनाने पाच-सहा टनांचं ओझं चढावर न्यायचं तर सगळी मदार गिअरवर. ट्रकमध्ये सर्रास आढळणाऱ्या एका चार गिअरच्या डब्याचे आकडे असे होते: पहिला ६.४०, दुसरा ३.०९, तिसरा १.६९, चौथा सरळ १. पहिला गिअर चिखलातून सुटण्यापुरता. खरा प्रवास वरच्या तिघांवर.

आता चौथ्यावर चाललेला भरला ट्रक चढाला लागला आणि इंजिन दमू लागलं. तिसरा टाकायचा म्हटलं तर त्याच वेगाला इंजिनाचे फेरे एकदम १.६९ पट व्हायला हवेत. तेवढे इंजिनाला झेपत नाहीत. म्हणून ड्रायव्हर वाट पाहतो, वेग आणखी पडू देतो, मग डबल क्लच मारून तिसरा घेतो. या वाट पाहण्यात भरल्या गाडीची जी धाव जाते ती चढ संपेपर्यंत परत येत नाही. तिसऱ्यावर ट्रक रडत वर जातो, आणि इंजिनात अजून थोडी ताकद शिल्लक असूनही चौथा पेलत नाही. खंबाटकी घाटात मालट्रकच्या मागे अडकलेल्या कुणालाही हा आवाज ओळखीचा असेल.

या पेचावर उत्तर घेऊन आली ईटन कंपनी. जोसेफ ईटनने १९११ मध्ये न्यू जर्सीतल्या ब्लूमफील्ड गावी व्हिगो टोरबेन्सन या ॲक्सल-कारागिराबरोबर ट्रकचे ॲक्सल करायला सुरुवात केली आणि काही वर्षांतच कारखाना ओहायोतल्या क्लीव्हलँडला हलवला, कारण मोटार उद्योग तिकडे सरकत होता. ट्रकसाठीचा ईटनचा दोन वेगांचा ॲक्सल १९३० च्या दशकात रूढ झाला. टिमकेन-डेट्रॉइटचेही असे ॲक्सल होते, त्यांची रचना वेगळी. पण जगभर नाव पसरलं ते ईटनच्या ग्रहमालेचं.

ग्रहमाला हा शब्द इथे अगदी चपखल आहे. मधोमध एक सूर्यचक्र, त्याभोवती फिरणारी छोटी ग्रहचक्रं, आणि बाहेरून त्यांना कवेत घेणारं, आतल्या बाजूला दाते असलेलं वलय. ईटनच्या ॲक्सलमध्ये पिनियन क्राऊनला फिरवतो आणि क्राऊनबरोबर ते वलय फिरतं. सूर्यचक्र आडवं सरकू शकतं. ते एका बाजूला सरकवून ॲक्सलच्या घराला जखडलं, की स्थिर सूर्याभोवती ग्रह लोळू लागतात आणि चाकांकडे जाणारी गती कमी होते. हा लो. तेच सूर्यचक्र दुसऱ्या बाजूला सरकवून ग्रहांच्या चौकटीत अडकवलं, की सगळी माळ एकजीव होऊन क्राऊनबरोबरच फिरते. हा हाय. एका चक्राचं थोडंसं सरकणं, बाकी सगळं जागच्या जागी.

या माळेतली घट अनेक ॲक्सलमध्ये १.३९ पट ठेवलेली होती. हायला ६.३३ आणि लोला ८.८१, अशी जोडी फोर्ड ट्रकच्या मालकांना तोंडपाठ असे. हा आकडा उगाच निवडलेला नव्हता. वरच्या चार गिअरच्या डब्याशी तो गुणून पाहिला की शहाणपण दिसतं. चौथा हाय १, चौथा लो १.३९, तिसरा हाय १.६९, तिसरा लो २.३५, दुसरा हाय ३.०९, दुसरा लो ४.३०. प्रत्येक दोन पायऱ्यांच्या मध्ये आणखी एक पायरी. चौथ्यावर दमलेल्या इंजिनाला आता तिसऱ्याची वाट पाहायची नाही, ॲक्सल तेवढा लोवर घ्यायचा. गिअरची दांडी हलतही नाही.

तो घ्यायचा कसा, हे सगळ्यात रंजक प्रकरण आहे.

सुरुवातीला ड्रायव्हरजवळची दांडी आणि सांधे होते. मग आली व्हॅक्यूमची सोय. इंजिन हवा ओढतं तेव्हा त्याच्या नळीत निर्वात तयार होतो, तो रबरी नळीने मागे ॲक्सलवरच्या पडद्यापर्यंत न्यायचा आणि त्या ओढीने सूर्यचक्र सरकवायचं. अडचण अशी, की चढावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असतो आणि नेमका तेव्हाच इंजिनातला निर्वात संपतो. गिअर बदलायची गरज सर्वांत मोठी, तेव्हा बदलणारी शक्ती सर्वांत कमी. म्हणून ट्रकला निर्वाताची राखीव टाकी बसवत. रबरी नळ्या तडकत आणि ड्रायव्हर वैतागत. पुढे विजेची मोटर आली. गिअरच्या दांडीवर मुठीखाली एक बटण, वर ओढलं की हाय, खाली दाबलं की लो. एअर ब्रेकच्या मोठ्या गाड्यांत हेच काम हवेवर होऊ लागलं. ॲक्सल बदलला की शाफ्टचे आणि चाकाचे फेरे यांचं गणितही बदलतं आणि स्पीडोमीटर खोटं बोलू लागतो. म्हणून स्पीडोमीटरच्या केबललाही एक छोटा गिअर जोडला, तोही त्याच बटणाने बदलणारा.

पण बटण दाबलं म्हणजे गिअर बदलला, असं नव्हतं. विजेची मोटर सूर्यचक्राला थेट ढकलत नाही, ती एक स्प्रिंग पिळून ठेवते. इंजिनाचा जोर दातांवर असेपर्यंत चक्र दातांच्या घट्ट पकडीत अडकलेलं असतं, स्प्रिंग कितीही ताणली तरी ते हलत नाही. तो जोर क्षणभर सुटला, की स्प्रिंग चक्राला झटक्यात दुसऱ्या घरात फेकते. बटणाने होते ती फक्त तयारी. गिअर बदलतो तो ड्रायव्हरच्या पायाने.

वर जायचं, म्हणजे लोवरून हायवर, तर बटण वर ओढायचं आणि पाय रेसवरून उचलून थांबायचं. जोर सुटतो, इंजिनाचे फेरे उतरतात, दाते जुळले की मागून एक दबका ठोका येतो. ठोका आला की पुन्हा रेस. घाईने आधीच रेस दिली तर चक्र मध्येच अडकतं आणि दाते करकरतात. खाली यायचं, हायवरून लोवर, तर नेमकं उलटं. इथे इंजिनाचे फेरे वाढायला हवेत. म्हणून पाय रेसवरून काढायचाच नाही. बटण खाली दाबून क्लच एकदा झटकन दाबून सोडायचा. क्लच दबला त्या निमिषात ओझ्यातून सुटलेलं इंजिन आपोआप उसळी घेतं, दातांवरचा ताण जातो, आणि ॲक्सल लोमध्ये बसतो. चांगल्या हाताखाली हे होताना गाडीत बसलेल्याला धक्काही जाणवत नसे. नवख्या माणसाला मात्र पटत नाही, की गिअर खाली घेताना रेस धरून ठेवायची. तो पाय उचलतो, ट्रक चढावर मरतो.

याहून वरचा धडा म्हणजे दोन्ही गिअर एकाच वेळी बदलणं. तिसऱ्या हायवरून चौथ्या लोवर जायचं, म्हणजे १.६९ वरून १.३९ वर. गिअरबॉक्स वर चढवायचा आणि ॲक्सल खाली उतरवायचा, तेही क्लचच्या एकाच दाबात. बटण आधी, दांडी नंतर. दांडी न्यूट्रलमधून जाते तेव्हा शाफ्टवर जोर नसतो, तेवढ्या अवधीत स्प्रिंगने ॲक्सल बदललेला असतो, आणि दांडी चौथ्यात पोचेपर्यंत दोन्ही कामं झालेली असतात. सगळी पुस्तकं हे चार ओळींत सांगतात. पण किती वेळ थांबायचं, कोणत्या आवाजाला हात हलवायचा, भरल्या आणि रिकाम्या गाडीत काय फरक, हे कुठल्याच पुस्तकात उतरलं नाही. बाप शेजारी मुलाला बसवून शिकवायचा. या ॲक्सलचा इतिहास कंपन्यांच्या नावांनी सांगितला जातो, आणि वर मीही तेच केलं आहे. माझ्या मते त्याचे निम्मे निर्माते हे निनावी ड्रायव्हर आहेत. यंत्राने अर्धं काम त्यांच्यासाठी मुद्दाम सोडून ठेवलं होतं.

त्यांना एक नियम सगळ्यात आधी शिकवला जाई: तीव्र उतारावर ॲक्सलला हात लावायचा नाही. उतार लागण्याआधीच लो घ्यायचा आणि खाली पोचेपर्यंत तसाच ठेवायचा. कारण उतारावर बटण दाबलं आणि चक्र दुसऱ्या घरात बसलंच नाही, तर इंजिनाचा आवर जातो, आणि भरला ट्रक फक्त तापलेल्या ब्रेकवर उरतो. मॉडेल टीचा तो मधला क्षण इथेही दबा धरून बसलेला होता.

या ॲक्सलचं सोनं झालं ते गव्हाच्या शेतांत. टेक्सासपासून कॅनडाच्या सीमेपर्यंत पीक जसं पिकत जाई तशा कापणीच्या टोळ्या उत्तरेकडे सरकत. १९४४ च्या युद्धकाळात मॅसी-हॅरिस कंपनीने ५०० स्वयंचलित कम्बाइन यंत्रांची हार्व्हेस्ट ब्रिगेड अशी नेली, तेव्हा या फिरत्या कापणीची सगळ्या देशाला ओळख झाली. कम्बाइनच्या मागोमाग ट्रक. शेतात मऊ मातीवर कम्बाइनच्या चालीने सरकायचं, धान्य भरलं की बांध ओलांडून डांबरी रस्त्यावर यायचं, आणि कित्येक मैलांवरच्या कोठारापर्यंत धाव घ्यायची. एकाच फेरीत दोन अगदी वेगळी कामं. शेतात लो, रस्त्यावर हाय. युद्धानंतरच्या दोन-तीन दशकांत धान्याच्या ट्रकला दोन वेगांचा ॲक्सल असणं हे ट्रॅक्टरला नांगर असण्याइतकं साहजिक झालं. ब्रिटनमध्ये बेडफर्डच्या टीके ट्रकलाही ईटनचा हा ॲक्सल मागवता येत असे.

उतरती कळा लागली ती रस्त्यांमुळे आणि गिअरबॉक्समुळे. १९५६ च्या कायद्याने अमेरिकेत ४१,००० मैलांच्या आंतरराज्य महामार्गांचं काम हाती घेतलं गेलं. चढ बोथट झाले, डिझेल इंजिनं दणकट झाली. मिशिगनमधल्या कॅलमझू गावच्या फुलर कंपनीने रोडरेंजर नावाचे गिअरबॉक्स काढले, ज्यात दहा-दहा गिअर एकाच दांडीवर, सारख्या अंतरावर, एका ओळीत लावलेले होते. दोन दांड्या नकोत, ॲक्सलचं बटण नको, मागच्या ठोक्याची वाट पाहणं नको. १९५८ मध्ये ही फुलर कंपनी विकत घेतली ती ईटननेच. अवजड ट्रकमधून आपल्याच ॲक्सलला बाहेर काढणारं यंत्र ईटनने आपल्या घरात आणलं. मध्यम ट्रकमध्ये दोन वेगांचा ॲक्सल नंतरही बरीच वर्षं तग धरून राहिला. १९९८ मध्ये ईटनने ॲक्सलचा सगळा धंदा डेना कंपनीला विकला. ज्या मालावर कंपनी उभी राहिली होती तोच तिच्या हातून गेला. आज पुण्यात ईटनचं मोठं अभियांत्रिकी केंद्र आहे आणि शेकडो मराठी इंजिनिअर तिथे काम करतात, पण कंपनीचा आरंभ एका ट्रकच्या ॲक्सलने झाला ही गोष्ट तिच्या इमारतीकडे पाहून कुणाच्या मनात येणार नाही.

अमेरिकेत १९७१ पासून जुन्या ट्रकांच्या जतनासाठी वाहिलेली संस्था आहे, आणि तिथल्या मेळाव्यांत असे ट्रक आजही स्वतःच्या चाकांवर चालत येतात. त्यांचे नवे मालक बहुतेक ऑटोमॅटिक गाडीवर वाढलेले. धूळ बसलेली मोटर साफ करतात, कुजलेली वायर बदलतात, बटण दाबतात, आणि गिअर बदलला नाही म्हणून ॲक्सल उघडून बसतात. खूपदा ॲक्सल धडधाकट असतो. पाय चुकीच्या वेळी उचललेला असतो, एवढंच.

तुम्हाला असा ट्रक कधी पाहायला मिळाला तर आधी गिअरच्या दांडीवर ते बटण आहे का ते बघा. असेल तर एक खबरदारी घ्या. या ट्रकांपैकी अनेकांचा हँडब्रेक चाकांना धरत नाही, गिअरबॉक्सच्या मागे शाफ्टवरच्या ड्रमला धरतो. ॲक्सल लो आणि हायच्या मध्ये राहिला असेल तर ब्रेक घट्ट ओढलेला असूनही चाकं मोकळी असतात. चाकामागे लाकडी ठोकळा लावलेला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्या ट्रकखाली वाकू नका.